लव्हिंग काउंटी (टेक्सास)

लव्हिंग काउंटी ही अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील २५४ काउंट्यांपैकी एक काउंटी आहे. ती राज्याच्या पश्चिम भागात, न्यू मेक्सिको राज्याच्या सीमेवर आहे. मेंटोन हे तिचे प्रशासकीय केंद्र आणि काउंटीतील एकमेव गाव होय. २०२० च्या जनगणनेनुसार येथील लोकसंख्या ६४ होती. त्या जनगणनेत संपूर्ण अमेरिकेतील सर्वांत कमी लोकसंख्येची काउंटी हीच ठरली.

या काउंटीची निर्मिती १८८७ मध्ये टॉम ग्रीन काउंटीच्या विभाजनातून झाली. १८९३ मध्ये तिचा स्वतंत्र कारभार सुरू करण्यात आला, परंतु तो गैरमार्गाने उभा केला गेल्याचे उघड झाल्यामुळे १८९७ मध्ये राज्य विधिमंडळाने रद्द केला. त्यानंतर ३४ वर्षे ही काउंटी शेजारच्या रीव्ह्ज काउंटीला जोडलेली राहिली. तेलाच्या शोधानंतर १९३१ मध्ये तिचा कारभार पुन्हा सुरू झाला. दोनदा संघटित झालेली टेक्सासमधील ही एकमेव काउंटी आहे, तसेच राज्यात सर्वांत शेवटी संघटित झालेली काउंटीही हीच होय.

भौगोलिक स्थान

काउंटीचे एकूण क्षेत्रफळ सुमारे १,७५० चौरस किलोमीटर (६७७ चौरस मैल) आहे. उत्तरेस न्यू मेक्सिको राज्य, पूर्वेस विंकलर काउंटी, दक्षिणेस वॉर्ड काउंटी आणि पश्चिमेस रीव्ह्ज काउंटी आहे. रीव्ह्ज आणि लव्हिंग या दोन काउंट्यांची सीमा पेकोस नदीने आखलेली आहे. प्रदेश बहुतांशी सपाट आणि वाळवंटी असून अधूनमधून कमी उंचीच्या टेकड्या आहेत. वार्षिक पाऊस सरासरी २५० मिलिमीटरच्या आसपास पडतो. खुरटी झुडपे, निवडुंग आणि विरळ गवत ही येथील मुख्य वनस्पती होत.

पेकोस ही या भागातील एकमेव मोठी नदी आहे. तिचे पाणी खारट आहे आणि प्रवाह अनियमित आहे. उन्हाळ्यात पात्र आटते, तर वरच्या भागात मोठा पाऊस झाल्यास अचानक पूर येतो. काउंटीत वसाहतीचे जे प्रयत्न झाले, त्यांपैकी बहुतेकांचे यशापयश या नदीवर आणि गोड्या पाण्याच्या टंचाईवर अवलंबून राहिले.

काउंटी ही संकल्पना

काउंटी या शब्दासाठी मराठीत अनेकदा 'जिल्हा' हा शब्द वापरला जातो. दोन्हींच्या रचनेत मात्र मूलभूत फरक आहे. भारतातील जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी शासनाकडून नेमला जातो. टेक्सासमधील काउंटीचा कारभार स्थानिक मतदारांनी निवडलेले पदाधिकारी चालवतात. काउंटी न्यायाधीश आणि चार आयुक्त मिळून 'आयुक्त न्यायालय' नावाचे मंडळ बनते. नावात न्यायालय असले तरी त्याचे मुख्य काम प्रशासकीय असते. त्याखेरीज शेरीफ, काउंटी लेखनिक आणि खजिनदार हे अधिकारीही निवडणुकीने येतात. मालमत्तेवर कर बसवणे, रोखे काढून कर्ज उभारणे, रस्ते बांधणे, जमिनीच्या व्यवहारांची नोंद ठेवणे आणि निवडणुका घेणे हे अधिकार काउंटीकडे असतात.

एकोणिसाव्या शतकातील टेक्सासमध्ये काउंटीचा जन्म दोन टप्प्यांत होत असे. पहिल्या टप्प्यात विधिमंडळ कायदा करून काउंटीच्या सीमा आणि नाव ठरवत असे. याला काउंटीची 'निर्मिती' म्हणत. या टप्प्यात तेथे कोणी राहत असलेच पाहिजे अशी अट नव्हती. दुसऱ्या टप्प्यात पुरेशा मतदारांनी अर्ज केल्यावर निवडणूक होऊन पदाधिकारी निवडले जात आणि प्रशासकीय केंद्र ठरत असे. याला काउंटीचे 'संघटन' म्हणत. संघटन होईपर्यंत ती काउंटी जवळच्या एखाद्या संघटित काउंटीला जोडलेली असे आणि तेथील न्यायालय, करवसुली व दप्तर तिच्यासाठीही काम करत असे. लव्हिंग काउंटीच्या प्रारंभीच्या इतिहासातील बहुतेक घटना या दोन टप्प्यांमधील अंतरामुळे घडल्या.

नाव

काउंटीला ऑलिव्हर लव्हिंग (१८१२–१८६७) या पशुपालक व्यापाऱ्याचे नाव देण्यात आले. त्याचा जन्म केंटकी राज्यात झाला होता आणि नंतर तो टेक्सासमध्ये स्थायिक झाला. १८६६ मध्ये चार्ल्स गुडनाइट याच्या भागीदारीत त्याने सुमारे २,००० गुरांचा कळप फोर्ट बेलनॅप परिसरातून न्यू मेक्सिकोतील फोर्ट समनर येथे नेला. फोर्ट समनरजवळच्या बोस्के रेदोंदो येथे अमेरिकी सैन्याने हजारो नवाहो लोकांना स्थानबद्ध केले होते आणि त्यांच्यासाठी मांसाची मोठी मागणी होती. कोमांचे लोकांच्या प्रदेशातून जाणारी सरळ वाट टाळण्यासाठी हा कळप आधी नैर्ऋत्येस पेकोस नदीपर्यंत नेण्यात आला. या टप्प्यात सलग तीन दिवस पाणी मिळाले नाही आणि शेकडो गुरे दगावली. पुढे कळप नदीच्या काठाने उत्तरेकडे गेला. ही वाट 'गुडनाइट–लव्हिंग मार्ग' म्हणून प्रसिद्ध झाली. तिचा एक भाग आजच्या लव्हिंग काउंटीतून जात होता.

१८६७ च्या फेरीत लव्हिंग एका सोबत्यासह कळपाच्या पुढे निघाला असता पेकोसकाठी कोमांचे योद्ध्यांच्या हल्ल्यात जखमी झाला. जखम चिघळून २५ सप्टेंबर १८६७ रोजी फोर्ट समनर येथे त्याचा मृत्यू झाला. त्याच्या इच्छेप्रमाणे गुडनाइटने त्याचा देह टेक्सासमध्ये परत आणला आणि वेदरफोर्ड येथे त्याचे दफन झाले. लॅरी मकमर्ट्री यांच्या 'लोनसम डव्ह' (१९८५) या कादंबरीतील कथानकाला या घटनेचा आधार आहे.

लव्हिंग या काउंटीत कधीही स्थायिक झाला नव्हता. काउंटीला त्याचे नाव मिळाले ते त्याच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी.

पूर्वेतिहास

हा प्रदेश वाटसरूंना परिचित होता, मात्र कायम वस्तीसाठी तो दीर्घकाळ निवडला गेला नाही. स्पॅनिश प्रवासी अंतोनियो दे एस्पेहो १५८३ मध्ये न्यू मेक्सिकोतून परतताना पेकोस नदीच्या काठाने दक्षिणेकडे गेला. नदीकाठी दिसलेल्या रानगव्यांच्या कळपांवरून त्याने तिला 'गाईंची नदी' या अर्थाचे नाव दिले. पुढील काळात मेस्कालेरो अपाची आणि कोमांचे यांचा या भागात संचार होता.

१८४५ मध्ये टेक्सास अमेरिकेत सामील झाल्यानंतर पश्चिमेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गासाठी पाहणी सुरू झाली. कॅप्टन जॉन पोप याने १८५४ मध्ये ३२ अंश उत्तर अक्षवृत्तालगतच्या मार्गाची पाहणी केली. रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळेल काय हे तपासण्यासाठी तो १८५५ मध्ये पुन्हा आला आणि १८५८ पर्यंत त्याने येथे खोल विहिरी खणण्याचे प्रयोग केले. जमिनीखालचे पाणी स्वतःच्या दाबाने पृष्ठभागावर येईल अशी अपेक्षा होती, ती पूर्ण झाली नाही. 'पोपचा तळ' म्हणून ओळखली गेलेली त्याची छावणी आजच्या काउंटीच्या वायव्य कोपऱ्यात होती. १८५८ मध्ये सुरू झालेल्या बटरफील्ड टपाल घोडागाडी सेवेने काही काळ या छावणीचा थांबा म्हणून उपयोग केला. पुढच्याच वर्षी सेवेचा मार्ग दक्षिणेकडे फोर्ट स्टॉकटनवरून वळवण्यात आला.

१८७४–७५ च्या रेड रिव्हर युद्धानंतर कोमांचे लोकांना राखीव प्रदेशात जावे लागले. त्यानंतर पश्चिम टेक्सास पशुपालकांसाठी खुला झाला. १८८१ मध्ये टेक्सास अँड पॅसिफिक रेल्वे पेकोस नदीपर्यंत पोहोचली आणि नदीकाठी पेकोस हे स्थानक व गाव वसले. लोहमार्ग मात्र आजच्या लव्हिंग काउंटीच्या दक्षिणेकडून गेला. ज्या रेल्वेसाठी पोपने येथे पाणी शोधले होते, ती काउंटीच्या हद्दीत आलीच नाही.

जमिनीची मालकी

टेक्सास हे अमेरिकेत सामील होण्यापूर्वी स्वतंत्र प्रजासत्ताक होते. सामील होताना त्याने आपली सार्वजनिक जमीन स्वतःकडेच ठेवली. त्यामुळे अमेरिकेच्या इतर भागांत लागू असलेला संघराज्याचा मोफत वसाहत कायदा येथे लागू झाला नाही. जमीन विकणे किंवा बक्षीस देणे हा अधिकार राज्याचा होता.

रेल्वे बांधणीला प्रोत्साहन म्हणून राज्याने कंपन्यांना जमिनी दिल्या. ६४० एकरांचे चौरस खंड आखून एक खंड कंपनीला आणि त्यालगतचा खंड सार्वजनिक शाळा निधीला, अशी आलटून-पालटून वाटणी होत असे. नकाशावर तिचे स्वरूप बुद्धिबळाच्या पटासारखे दिसते. लव्हिंग काउंटीचा बराच भाग अशा रीतीने टेक्सास अँड पॅसिफिक रेल्वे आणि शाळा निधी यांच्यात विभागला गेला. रेल्वे कंपनी दिवाळखोरीत गेल्यानंतर तिच्या जमिनींसाठी १८८८ मध्ये एक न्यास स्थापन झाला.

या व्यवस्थेचा परिणाम असा झाला की काउंटीत माणसे राहायला येण्यापूर्वीच जमिनीला मालक होते आणि ते बहुतांशी दूर राहणारे होते. काउंटीचे मुख्य उत्पन्न मालमत्ता करातून येत असल्याने, काउंटी संघटित होताच या अनुपस्थित मालकांच्या जमिनींवर कर बसवण्याचा अधिकार स्थानिक पदाधिकाऱ्यांना मिळणार होता.

निर्मिती (१८८७)

टॉम ग्रीन काउंटी १८७४ मध्ये बेअर काउंटीच्या प्रदेशातून निर्माण झाली होती आणि तिचा विस्तार प्रचंड होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी विधिमंडळाने तिचे विभाजन करून लव्हिंग, वॉर्ड, विंकलर, एक्टर, क्रेन आणि अप्टन या नव्या काउंट्या निर्माण केल्या. लव्हिंग काउंटी कारभारासाठी रीव्ह्ज काउंटीला जोडण्यात आली. रीव्ह्ज काउंटीचे प्रशासकीय केंद्र पेकोस येथे होते.

या सहा काउंट्यांचे संघटन एकाच वेळी झाले नाही. एक्टर काउंटी १८९१ मध्ये, वॉर्ड १८९२ मध्ये, विंकलर आणि अप्टन १९१० मध्ये, तर क्रेन १९२७ मध्ये संघटित झाली. रेल्वेमार्गावरील काउंट्यांना वस्ती लवकर मिळाली. इतरांना शाळा निधीच्या जमिनींची विक्री किंवा तेल येईपर्यंत थांबावे लागले.

१८९० च्या जनगणनेत लव्हिंग काउंटीत तीन व्यक्तींची नोंद झाली.

पहिले संघटन (१८९३)

१८९० च्या सुमारास पेकोसच्या खोऱ्यात सिंचनाच्या योजनांना वेग आला होता. न्यू मेक्सिकोत एडी (आजचे कार्ल्सबॅड) या गावाभोवती धरणे आणि कालवे बांधून वाळवंटी जमीन शेतीखाली आणली जात होती. अशा जमिनीची किंमत पाणी पोहोचताच अनेक पटींनी वाढत असे. त्यामुळे दूरच्या शहरांतील गुंतवणूकदार या खोऱ्याकडे वळले.

१८९३ मध्ये कॉलोराडोतील डेन्व्हर येथून आलेल्या काही प्रवर्तकांनी 'लव्हिंग कॅनॉल अँड इरिगेशन कंपनी' स्थापन केली. पेकोस नदीतून कालवा काढून आसपासची शेतजमीन आणि नव्या गावांसाठी आखलेल्या जागा यांना पाणी पुरवणे हा तिचा जाहीर उद्देश होता. मेंटोन नावाचे गाव आखण्यात आले. फ्रान्समधील मेंतों या गावावरून हे नाव घेतल्याचे सांगितले जाते.

१३ जून १८९३ रोजी या प्रवर्तकांनी रीव्ह्ज काउंटीच्या आयुक्त न्यायालयाकडे लव्हिंग काउंटीच्या स्वतंत्र संघटनासाठी अर्ज दाखल केला. अर्जावर १५० मतदारांच्या सह्या होत्या. त्या काळी टेक्सासमध्ये केवळ २१ वर्षांवरील पुरुषांना मताधिकार होता. मतदार होण्यासाठी राज्यात एक वर्ष आणि स्थानिक क्षेत्रात सहा महिने वास्तव्य असणे आवश्यक होते. तीनच वर्षांपूर्वी ज्या काउंटीत स्त्रिया व मुले धरून तीन माणसे मोजली गेली होती, तेथे १५० पात्र मतदार असल्याचा हा दावा होता. आयुक्त न्यायालयाने अर्ज मान्य केला. ८ जुलै रोजी निवडणूक झाली आणि तीत ८३ मते पडल्याची नोंद करण्यात आली. पदाधिकारी निवडले गेले, मेंटोन हे केंद्र ठरले आणि काउंटीचा कारभार सुरू झाला.

संघटनामुळे प्रवर्तकांना अनेक लाभ होऊ शकत होते. संघटित काउंटीला कर बसवता येत असे आणि रोखे काढता येत असत. पदाधिकाऱ्यांना वेतन आणि शुल्क मिळे. ज्या गावात काउंटीचे न्यायालय असे, तेथील भूखंडांना किंमत येई. पश्चिमेकडील अनेक राज्यांत केंद्रस्थान मिळवण्यासाठी गावागावांत चुरस होत असे ती याच कारणाने. लव्हिंग काउंटीत प्रतिस्पर्धी गाव नव्हते, कारण दुसरे गावच नव्हते.

पूर आणि संघटनाचा शेवट (१८९३–१८९७)

ऑगस्ट १८९३ मध्ये पेकोस नदीला मोठा पूर आला. न्यू मेक्सिकोतील अव्हलॉन धरण या पुरात फुटले. खालच्या बाजूस लव्हिंग कंपनीच्या कालव्याच्या कामाचेही मोठे नुकसान झाले. १८९३ हे वर्ष अमेरिकेत गंभीर आर्थिक मंदीचे होते. शेकडो बँका बंद पडल्या होत्या आणि चांदीच्या भावातील घसरणीमुळे कॉलोराडोची अर्थव्यवस्था विशेषतः कोलमडली होती. नवे भांडवल मिळणे कठीण झाल्याने कालव्याचे काम अखेर सोडून देण्यात आले.

कालवा नसल्यामुळे शेती नव्हती आणि शेतीविना वसाहतही टिकली नाही. काउंटीचे अधिकार मात्र कायम होते. काउंटी बेकायदेशीरपणे संघटित झाल्याच्या तक्रारी राज्याच्या राजधानीपर्यंत पोहोचल्या. १२ मे १८९७ रोजी विधिमंडळाने लव्हिंग काउंटीचे संघटन रद्द करून ती पुन्हा रीव्ह्ज काउंटीला जोडली. काउंटीची निर्मिती रद्द झाली नाही. तिचे नाव आणि सीमा पूर्वीप्रमाणेच राहिल्या.

पहिले मेंटोन ओस पडले. १९०० च्या जनगणनेत संपूर्ण काउंटीची लोकसंख्या ३३ भरली. सात वर्षांपूर्वीच्या अर्जावरील सह्यांच्या एक-चतुर्थांशापेक्षाही ही संख्या कमी होती.

शाळा निधीच्या जमिनी आणि पोर्टरव्हिल (१९००–१९२०)

काउंटीत खरी वस्ती आली ती राज्याच्या जमीनविक्री धोरणामुळे. १८९५ च्या 'चार खंड कायद्या'ने एका वसाहतकाराला शाळा निधीचे चार खंड, म्हणजे २,५६० एकर जमीन, ४० वर्षांच्या हप्त्यांनी घेता येऊ लागली. चराऊ जमिनीचा किमान दर एकरी एक डॉलर होता. खरेदीदाराने तीन वर्षे त्या जमिनीवर प्रत्यक्ष राहणे बंधनकारक होते. कोरड्या प्रदेशात १६० एकरांवर कुटुंबाचा निर्वाह होत नाही, हे वास्तव या कायद्याने मान्य केले होते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अशी कुटुंबे काउंटीत येऊ लागली. पेकोसकाठी पोर्टरव्हिल हे गाव वसले. १९१० मध्ये तेथे बांधलेली लाकडी इमारत शाळा आणि प्रार्थनागृह अशा दोन्ही कामांसाठी वापरली जात असे. त्याच वर्षीच्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या २४९ झाली. १८९३ च्या तुलनेत आता येथे खरोखर रहिवासी होते, पण स्वतंत्र कारभार नव्हता. जमिनीची नोंद, कराचा भरणा आणि न्यायालयीन काम यांसाठी त्यांना नदीपलीकडील पेकोस गावी जावे लागे.

ही वस्तीही टिकली नाही. १९१० च्या दशकात पश्चिम टेक्सासला दीर्घ दुष्काळाचा फटका बसला. नदीचे खारट पाणी पिण्यास योग्य नव्हते आणि शेतीसाठीही ते फारसे उपयोगी ठरले नाही. अनेक कुटुंबे निघून गेली. १९२० मध्ये लोकसंख्या ८२ पर्यंत खाली आली.

तेल आणि दुसरे संघटन (१९२०–१९३१)

१९२० च्या दशकाच्या पूर्वार्धात काउंटीत तेल सापडले. पर्मियन खोरे या नावाने पुढे जगप्रसिद्ध झालेल्या तेलप्रदेशाच्या पश्चिम भागात ही काउंटी येते. स्थानिक पशुपालक जे. जे. व्हीट आणि ब्लेडन रॅम्सी यांचा सुरुवातीच्या शोधकार्यात महत्त्वाचा वाटा होता. तेलक्षेत्राजवळ वसलेल्या नव्या गावाला रॅम्सी हे नाव मिळाले.

शाळा निधीच्या जमिनींबाबत राज्याने खनिजांवरील हक्क स्वतःकडे राखले होते. १९१९ च्या कायद्याने अशा जमिनीच्या पृष्ठभागाचा मालक राज्याचा प्रतिनिधी म्हणून तेल कंपन्यांशी करार करू लागला आणि त्याला उत्पन्नाचा वाटा मिळू लागला. ज्या कुटुंबांनी दुष्काळातही जमीन सोडली नव्हती, त्यांना याचा थेट फायदा झाला.

काउंटीच्या दृष्टीने तेलामुळे दोन बदल झाले. पहिला म्हणजे लोकसंख्या वाढली. १९३० च्या जनगणनेत ती १९५ होती आणि १९३३ च्या सुमारास ६०० पर्यंत पोहोचल्याचा अंदाज आहे. दुसरा बदल अधिक टिकाऊ ठरला. तेलविहिरी आणि त्यांवरील यंत्रसामग्री ही करपात्र मालमत्ता असते. जोपर्यंत काउंटी असंघटित होती, तोपर्यंत या मालमत्तेची आकारणी आणि वसुली पेकोसहून होत असे आणि रस्ते किंवा शाळा यांवरील खर्चाचा निर्णयही तेथेच होत असे.

१९३१ मध्ये लव्हिंग काउंटीचे दुसऱ्यांदा संघटन झाले. रॅम्सी गावाचे नाव बदलून मेंटोन ठेवण्यात आले आणि तेच केंद्र ठरले. अशा रीतीने ओस पडलेल्या पहिल्या गावाचे नाव दुसऱ्या जागी पुन्हा वापरात आले. याच सुमारास पोर्टरव्हिल जवळजवळ रिकामे झाले. १९१० ची तेथील इमारत १९३० मध्ये मेंटोनला हलवण्यात आली. ती आजही उभी असून काउंटीतील सर्वांत जुनी इमारत मानली जाते.

दुसऱ्या संघटनानंतरचा काळ

तेजीच्या काळात मेंटोनमध्ये उपाहारगृहे, पेट्रोल पंप, हॉटेले, औषधांची दुकाने आणि केशकर्तनालये होती. १९३५ मध्ये काउंटीची विटांची न्यायालय इमारत बांधण्यात आली. १९३६ मध्ये न्यू मेक्सिकोच्या सीमेजवळ पेकोस नदीवर रेड ब्लफ धरण पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाचा काही भाग लव्हिंग काउंटीत आहे. १८९३ च्या प्रवर्तकांनी मांडलेली पेकोसच्या पाण्यावरील सिंचनाची कल्पना अखेर या धरणाने साकारली, परंतु लाभ मुख्यतः नदीच्या खालच्या भागातील काउंट्यांना झाला.

जानेवारी १९४५ मध्ये एडना रीड क्लेटन ड्यूईस यांची शेरीफ म्हणून नेमणूक झाली आणि पुढे त्या निवडूनही आल्या. टेक्सासमध्ये निवडणुकीने शेरीफ झालेल्या त्या पहिल्या महिला होत. त्यांचा कार्यकाळ १९४७ पर्यंत होता.

तेल उत्पादनाचे यांत्रिकीकरण झाल्यावर कामगारांची गरज कमी झाली आणि लोकसंख्या घटत गेली. विद्यार्थी अत्यल्प उरल्यामुळे १९७० च्या दशकात येथील शाळा बंद झाली. तेव्हापासून मुले विंकलर काउंटीतील विंक येथे शिकतात. पिण्याचे पाणी अनेक दशके बाहेरून आणावे लागत असे.

लोकसंख्या

दशवार्षिक जनगणनेनुसार काउंटीची लोकसंख्या पुढीलप्रमाणे होती:

१८९० – ३
१९०० – ३३
१९१० – २४९
१९२० – ८२
१९३० – १९५
१९४० – २८५
१९५० – २२७
१९६० – २२६
१९७० – १६४
१९८० – ९१
१९९० – १०७
२००० – ६७
२०१० – ८२
२०२० – ६४

यावरून दिसते की कोणत्याही जनगणनेत काउंटीची लोकसंख्या ३०० च्या वर गेली नाही. पहिल्या संघटनाच्या वेळी दाखवलेली १५० मतदारांची संख्या ही केवळ प्रौढ पुरुषांची होती. त्या प्रमाणात स्त्रिया आणि मुले धरल्यास जेवढी वस्ती गृहीत धरावी लागेल, तेवढी या काउंटीच्या कोणत्याही जनगणनेत आढळलेली नाही.

ऐतिहासिक महत्त्व

लव्हिंग काउंटीचा प्रारंभीचा इतिहास हा टेक्सासमधील काउंटी व्यवस्थेच्या अभ्यासात वारंवार उदाहरण म्हणून दिला जातो. नकाशावरील सीमा, स्थानिक शासन आणि प्रत्यक्ष वस्ती या तीन गोष्टी सहसा एकत्र असतात. येथे त्या वेगवेगळ्या काळात आल्या. १८८७ मध्ये सीमा होत्या, पण माणसे व शासन नव्हते. १८९३ मध्ये शासन होते, पण ते निवडून देण्याइतकी माणसे नव्हती. १९१० मध्ये माणसे होती, पण त्यांचे स्वतःचे शासन नव्हते. तिन्ही गोष्टी प्रथम १९३१ मध्ये जुळल्या आणि त्यालाही शेतीऐवजी तेल कारणीभूत ठरले.

मतदाराचा खरा रहिवास कोठे आहे हा १८९३ च्या निवडणुकीच्या मुळाशी असलेला प्रश्न पुढेही सुटला नाही. थोड्याच मतांनी पदाधिकारी ठरतात आणि त्यांच्या हाती तेलामुळे मोठा झालेला करमहसूल असतो. त्यामुळे काउंटीबाहेर राहणाऱ्या व्यक्तींनी येथे मतदान करावे की नाही, यावरून एकविसाव्या शतकातही येथे न्यायालयीन वाद झाले आहेत.